जिराफ कुठे लावायचा

आत्या: पडदा कसा दिसतो ते मागाहून सांग, वहिनी. आधी मला एवढं सांग, ही चित्रं तुम्ही भिंतीवर लावलीयत की विहिरीत सोडलीयत?

आई: असू द्या हो वन्सं. तुम्ही आपलं पडद्याचं बघा.

आत्या: पडद्याचंच बघतेय. जन्मभर लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवले, किती घरांच्या बैठकी पाहिल्या, पण ही तऱ्हा कुठे पाहिली नाही. खिळे बघावेत तर माझ्या डोक्याच्या वर. त्यांना ही लांबलचक दोरी, आणि दोरीच्या टोकाला चित्र, माझ्या कमरेशी. समुद्राचं तेच, तुमच्या दोघांच्या फोटोचं तेच. पॅसेजमधली ती होडी बघायला तर मला उकिडवं बसावं लागलं. आणि उठताना माझे गुडघे काय बोलले ते तू ऐकलंसच.

आई: इकडे येतंय कोण चित्रं बघायला.

आत्या: मी आलेय ना. सासूबाईंच्या आजारपणात पाय बांधले गेले म्हणून, नाहीतर केव्हाच आले असते. आणि तो मोबाइल खाली ठेव बाई आता. मघापासून मुठीत धरून उभी आहेस, घामानं भिजला असेल.

आई: अजून निघाली नसेल का हो बिट्टी डॉक्टरांकडून? एवढा वेळ लागत नाही कधी. एकटी गेलीय. इतकी वर्षं आमच्यापैकी कुणीतरी असायचंच बरोबर, आज म्हणाली, मी बसनं जाते, मी बसनं येते, तुम्ही कुणी यायचं नाही. हे लगेच हो म्हणून मोकळे. डेपोतला बस चालवणारा माणूस, यांना बसचं काय कौतुक. इथे माझा जीव टांगणीला.

आत्या: सतरा वर्षांची घोडी झालीय ती. येईल. तू मला चित्रांचं सांग, म्हणजे तुझाही वेळ जाईल.

आई: तुम्हाला पुढचं माहीत नाही ना. हॉस्पिटलात तुम्ही होतातच तिच्या उशाशी. त्या गाडीनं पोरीला उडवलं, मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि तुम्ही घरी परतलात. त्यानंतर तिला इकडे आणायची होती, चाकांच्या खुर्चीतून. आदल्या संध्याकाळी ह्यांनी ती खुर्ची भाड्यानं आणली आणि स्वतःच बसले तिच्यात.

आत्या: दादा?

आई: मला वाटलं दमलेत. तर हे आपले चाकं ढकलत घरभर फिरायला लागले. दोनदा दाराला धडकले, एकदा माझ्या पायावर घातली. आणि मग मला म्हणाले, इथे बसलं ना, की आपल्या घरात नुसता चुना दिसतो गं. चित्रं सगळी छताला चिकटलीयत. पोर दिवसभर बसून बघणार काय, विजेची बटणं? झालं, पेन्सिल घेतली. एकेका भिंतीशी खुर्ची न्यायची, मान सरळ करून समोर बघायचं आणि चित्राची खालची कड जिथे यायला हवी तिथे आडवी रेघ ओढायची. सगळं घर झाल्यावर डोक्यात उजेड पडला की आपण एवढे उंच आणि ती एवढीशी. मग पुन्हा बसले. पाठीत वाकून, मान खांद्यात घालून. आधीच्या रेघा पुसून सगळ्या परत ओढल्या. मी दारात उभी, हसू का रडू कळेना.

आत्या: माझ्या भावाला इतकं सुचतं हे मला आज कळतंय. लहानपणी चपला उलट्या घालून फिरायचा. पण मग खिळेच खाली ठोकायचे की. दोऱ्या कशाला?

आई: मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, नवा खिळा ठोकणार नाही. खिळा ठोकला म्हणजे कायमचं झालं. दोरीवर लावतो. ती उठली की दोरी कापायची, चित्र आपल्या जागेवर.

आत्या: मग उठली ना ती? वॉकर गेला, काठी गेली. सकाळी माझी बॅग तिनंच वर आणली, नको नको म्हणताना. कात्री माझ्या पिशवीत आहे. काढू?

आई: नको.

आत्या: अगं, एवढ्या चांगल्या खोलीची पार रया गेलीय. पडदे लावून उपयोग काय मग?

आई: नको म्हटलं ना वन्सं. एकदा वर नेलं होतं.

आत्या: काय?

आई: होडी. वॉकर धरून पहिल्यांदा या खोलीतून त्या खोलीत गेली ना ती, त्या दिवशी आम्हाला आकाश ठेंगणं झालं होतं. मीच ह्यांना म्हटलं, होडी तरी वर न्या. मीच कात्री आणून दिली. आणि त्याच आठवड्यात न्हाणीघरात पडली. दुसरं ऑपरेशन, परत खुर्ची, परत पहिल्यापासून सगळं. ती हॉस्पिटलात असताना मी घरी येऊन होडी स्वतःच्या हातानं खाली आणली. दोरी बांधताना ठरवलं, आता या घरात काही वर जायचं नाही.

आत्या: वहिनी, ओल्या फरशीवर माझा पाय सटकतो, तुझा सटकतो. होडीनं काय केलं त्यात?

आई: मला कळत का नाही? सगळं कळतं. मी काही अडाणी नाही. पण कात्री हातात घेतली की परत ठेवून देते, त्याला मी काय करू? तुम्ही म्हणाल वेडी आहे, तर आहे वेडी. ती चालतेय, जिना चढतेय, परवा बस पकडायला चक्क धावली म्हणे. मी आनंदानं ऐकते आणि रात्री पडल्या पडल्या वाटतं, जरा हळू बोला रे, कुणीतरी ऐकेल. ह्यांनी दोन वेळा विषय काढला. मी जेवणावरून उठले. तेव्हापासून तेही तोंड मिटून आहेत.

आत्या: आणि ती स्टुलावर बसून जेवते, तेही त्याच खात्यात का? टेबलाला तीन खुर्च्या आणि एक स्टूल. मला वाटलं मोडली असेल चौथी.

आई: मोडली नाही. आत कपाटामागे आहे. तिची चाकांची खुर्ची टेबलाशी लागायची म्हणून काढली होती.

आत्या: चाकांची खुर्ची परत देऊन किती दिवस झाले?

आई: तुम्ही पडदा लावा हो.

आत्या: लावते. पण आधी माझ्या भावाची कलाकुसर बघू दे. कुठे आहेत त्या रेघा?

आई: दिसायच्या नाहीत. चित्राच्या कडेखाली झाकल्या जातात. रोज फडक्यानं चित्रं पुसते मी, भिंतीला हात लावत नाही, रेघ पुसली जाईल म्हणून.

आत्या: झाकल्या कुठे? ही काय, ढळढळीत दिसतेय.

आई: कुठे?

आत्या: ही बघ. रेघ इथे, आणि समुद्र इथे संपतो. मध्ये माझी वीत मावतेय. आता या फोटोचं बघ. इथेही तेच. तुझी चित्रं वर चाललीयत, वहिनी.

आई: काहीतरीच काय. मी रोज वाकून पुसते ती. म्हणजे, हल्ली इतकं वाकावं लागत नाही. मला वाटलं माझी कंबर सुधारली.

आत्या: कंबर सुधारली म्हणे. बस खाली. थांब, मागे काय आहे बघते. हे बघ. दोरी मागे गुंडाळून गाठी मारल्यात. एक, तिच्यावर दुसरी, पुन्हा वर आणखी. पुढून कुणाला दिसू नयेत अशा बेतानं.

आई: ह्यांनी? मला न सांगता?

आत्या: दादाच्या नाहीत या गाठी. त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. ही पडदेवाल्यांची गाठ आहे, ओढली की घट्ट बसते आणि एका बोटानं सुटते. ही मी शिकवलेली आहे. हॉस्पिटलात, पलंगाच्या पडद्याच्या दोरीवर. पोरगी झोपून झोपून कंटाळली होती, म्हणून.

आई: बिट्टी?

आत्या: दुसरं कोण? आणि ही बेल तिचीच वाटते. तू बस, मी उघडते.

बिट्टी: आत्या, सरक, सरक, आधी हे आत घेऊ दे. दाराला लागेल. आई कुठे आहे?

आई: फोन का नाही उचललास?

बिट्टी: दोन्ही हात अडकले होते, दिसत नाही का? बसमध्ये हे धरून उभी होते. कंडक्टरनं विचारलं, याचं तिकीट काढलंस का. एक काका म्हणाले, पोरी, बस माझ्या जागेवर. मी म्हटलं, नको काका, मी खूप बसलेय.

आई: डॉक्टर काय म्हणाले?

बिट्टी: पाणी तरी पिऊ दे.

आई: बिट्टी.

बिट्टी: म्हणाले, आता माझ्याकडे येऊ नकोस.

आई: म्हणजे?

बिट्टी: म्हणजे येऊ नकोस. उगाच खुर्ची अडवतेस, म्हणाले, बाहेर खरे पेशंट ताटकळलेत. रस्त्यात कुठे भेटलीस तर मात्र ओळख दाखव. मग माझ्या पाठीवर थाप मारली, अगदी तिथेच, जिथे टाके होते. मी दचकले तर हसले. म्हणाले, ती पाठ आता माझी नाही, तुझी आहे, सांभाळ.

आई: सहा महिन्यांनी दाखवायला ये, असं म्हणाले असतील.

बिट्टी: नाही.

आई: वर्षानं?

बिट्टी: नाही गं आई. मीच दोनदा विचारलं, मला माहीत होतं तू विचारशील. नाही म्हणाले. दुखलं तर फोन कर, नाही दुखलं तर मजा कर.

आई: परत सांग. पहिल्यापासून. त्यांचेच शब्द सांग.

आत्या: सांग बाई परत, तिच्यासाठी नको, माझ्यासाठी सांग. माझा जीव आत्ता भांड्यात पडला. मघापासून मी नुसती बडबड करत होते ना, ती भीतीनंच. वहिनी, आता रडतेस कशाला?

आई: रडत नाहीये. तुम्ही बघताय काय माझ्याकडे. हे चादरीत गुंडाळलेलं काय आहे एवढं मोठं?

बिट्टी: चित्र. तू म्हणत होतीस ना, आत्या पडदे आणतेय तर बैठकीत एखादं नवं चित्र घेऊ. फुलांचं, छोटंसं, कुठेही मावेल असं. मी बघितली फुलांची. सगळी दवाखान्यातल्या कॅलेंडरासारखी. मग हेच मागून आणलं. आत्या, ते टोक धर.

आत्या: अगं बाई. जिराफ.

बिट्टी: आवडला?

आत्या: जीभ काढलीय त्यानं. कोपऱ्यात ओल आलीय, आणि पिवळा रंग पार उडालाय. पण चेहऱ्यावर काय भाव आहेत मेल्याच्या. वहिनी, बघ तरी.

आई: बघितलाय मी तो. हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या खोलीतला आहे. परत गुंडाळ ते, बिट्टी.

बिट्टी: ती खोली रंगवतायत. सगळं जुनं काढून टाकत होते. व्यायामाच्या ताईंना म्हटलं, मला द्या. म्हणाल्या, तुला नाही तर कुणाला.

आई: हे घरात नको मला. त्याच्या खालच्या बाकावर बसून मी काय दिवस काढलेत, मला माहीत. आडोशापलीकडून तुझं विव्हळणं ऐकू यायचं, आणि समोर दुसऱ्या आया. कुणाशी बोलायचं नाही, कुणी विचारलं तर हसून दाखवायचं. त्या दिवसांतलं काहीही मला भिंतीवर नको.

बिट्टी: त्या दिवसांतलं सगळंच तर आहे आपल्या भिंतीवर. हे काय लटकतंय मग?

आई: ते वेगळं.

बिट्टी: काय वेगळं? आत्या, तुला सांगते. त्या खोलीत मधोमध लाकडी आडोसा होता. अलीकडे मी, धरून उभं राहायच्या दांड्या आणि ताई, खुर्ची आत न्यायचं दारही अलीकडेच. पलीकडे बाक, बाकावर आई, आणि तिच्या डोक्यावर हा. खुर्चीतून मला आडोशावरून याची फक्त शिंगं दिसायची. ताई म्हणायच्या, ओळख कोण आहे. मी म्हटलं, बकरी. मग म्हटलं, गोगलगाय. त्या म्हणायच्या, उभी राहा, कळेल. सांगितलं नाही शेवटपर्यंत, इतक्या दुष्ट. थोडी उठले तेव्हा कान दिसले. नंतर एकदा डोळे. आणि ज्या दिवशी दांड्या धरून पूर्ण उभी राहिले, त्या दिवशी तोंड दिसलं. आणि तोंड हे असलं. एवढा घाम गाळला, आणि हा मला वेडावतोय. हसून हसून हात सुटायची वेळ आली.

आत्या: म्हणून त्या दिवशी इतकी हसली का गं ही? तू फोनवर सांगितलं होतंस, वहिनी. उभी राहिली आणि वेड्यासारखी हसत सुटली.

आई: मला कधी सांगितलं नाहीस, कशाला हसलीस ते.

बिट्टी: तू विचारलं नाहीस. आणि जिराफानंतर खाली नजर गेली तर तू दिसलीस. तू तोंडात रुमाल कोंबून रडत होतीस. तोवर मला माहीतच नव्हतं तू रडतेस म्हणून. बाहेर यायचीस ती नेहमी हसतच.

आई: मला वाटायचं, तुला दिसत नाही.

बिट्टी: दिसत नव्हतंच. उभी राहिले म्हणून दिसलं.

आत्या: झालं, आता मला रुमाल द्या कुणीतरी. आणि बिट्टी, गाठींचं काय ते पण आत्ताच सांगून टाक. पकडली गेलीयस तू.

बिट्टी: कसल्या गाठी?

आत्या: माझीच गाठ आणि मलाच विचारतेस, कसल्या?

बिट्टी: आई, चिडू नकोस. बाबांना माहीत आहे. तू बाजारात गेलीस की आम्ही मारायचो. ते चित्र उचलून धरायचे, मी गाठ मारायची. पहिली मारली ना, तेव्हा मलाही भीती वाटली. तुझी भीती मला लागली होती. आठवडाभर भिंतीला धरून चालले, न्हाणीघरात तर बसूनच सरकत गेले. काही झालं नाही. मग दुसरी मारली. पुलावरून चालत गेले त्या दिवशी एक, काठी शाळेत विसरून आले त्या दिवशी एक. हल्ली तर विसरायलाही होतं. काही झालं का, आई? सगळं घर वर चाललंय आणि मी पण चाललेय.

आई: होडीला पण?

बिट्टी: होडीला सगळ्यात जास्त आहेत. तू तिलाच सगळ्यात खाली बांधली होतीस ना.

आत्या: आणि तुझी आई म्हणते, माझी कंबर सुधारली.

आई: हसा तुम्ही. दोघी हसा. रोज फडकं मारतेय आणि डोळ्यांवर ही झापडं. आणि हे, घरात आले की अगदी गरीब चेहरा. येऊ देत आज डेपोतून.

बिट्टी: त्यांना काही बोलू नकोस ना. ते मला दर वेळी म्हणायचे, हळू ओढ, तुझ्या आईला कळलं तर तिची झोप जाईल.

आई: झोप होती कुठे, जायला?

आत्या: मग आज झोप. आता मुद्द्याचं बोला. या जिराफाची उंची माझ्या छातीपर्यंत आहे. समुद्राच्या दोरीवर टांगला तर याचे पाय फरशीत जातील. याला गाठीबिठी काही चालणार नाही. लावायचा तर थेट वरच्या खिळ्याला, नाहीतर परत चादरीत. मी पडदेवाली, मला यात मधलं काही दिसत नाही.

बिट्टी: म्हणूनच आणलाय. मी तिथेच मोजला. आई, तू नको म्हणालीस तर माझ्या खोलीत कपाटाला टेकवून ठेवते. खरंच. पण लावायचा असेल तर इथेच, आणि मीच लावणार. समुद्र मी खाली घेते, तो तिकडे पलंगाच्या वर छान दिसेल. बघ, स्टूल घेते हं मी. घेऊ?

आई: स्टूल नको.

बिट्टी: बरं.

आई: ते डुगडुगतं. आत कपाटामागे खुर्ची आहे, ती आण. चौथी. आणि येताना फडकं आण, तिच्यावर मणभर धूळ असेल. तशीच चढू नकोस.

आत्या: मी धरते खुर्ची. बाजूला हो, वहिनी.

आई: नको. मीच धरते.

(बिट्टी खुर्चीवर चढते. समुद्र उतरतो, जिराफ वर जातो.)

बिट्टी: लागला. आई, खुर्ची सोड ना, किती घट्ट धरलीयस. लांब जाऊन बघ, सरळ आहे का?

आई: डावीकडून जरा वर. तुझं डावं. हां. राहू दे तसाच.

आत्या: छान. जीभ काढून बसलाय घरात. दादा आला की पहिला त्यालाच वेडावणार.

बिट्टी: आणि आई, तू अशी काय उभी आहेस?

आई: त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा तर टाचा उंच कराव्या लागतात मला.

बिट्टी: जास्तच वर झाला का? थोडा खाली घेऊ?

आई: हात लावू नकोस.